आत्यांची दीपलक्ष्मी आणि लेकाचा लोखंडी बैल

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. आमचं मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. सासऱ्यांचं धाब्याचं घर होतं. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत खचली, म्हणून या उन्हाळ्यात ते उतरवून घेतलं. आम्ही जळगावला रो-हाऊसमध्ये राहतो. जुन्या घरातून आलेल्या वस्तू अशा: दोन पितळी दीपलक्ष्म्या, एक लामणदिवा, घोड्यावरचा पितळी खंडोबा, खांबांवरचे चार कोरीव लाकडी घोडे. शिवाय काळ्या दगडाचा एक नंदी गावीच ओट्याशेजारी आहे. सासऱ्यांच्या आजोबांना तो विहीर खणताना सापडला, असं घरात सांगतात. मुलगा पुण्यात शिकला. त्याने मित्राकडून भंगार लोखंडाचा बैल आणलाय आणि एक पांढरं, गोल गोल, कशाचं ते न कळणारं शिल्प. यांनी मॉलमधून बुद्धाचं सोनेरी डोकं आणलं. हॉल १२ बाय १६. सगळं मांडून पाहिलं तर भांड्यांचं दुकान वाटलं. मुलगा म्हणतो, जुनं सगळं एका काचेच्या कपाटात ठेव. जाऊबाई म्हणतात, पितळ बफिंगला दे, सोन्यासारखं होईल. आत्या (माझ्या सासूबाई) एवढंच म्हणाल्या, 'देव काय शोभानी वस्तू शे का?' (देव काय शोभेची वस्तू आहे का?) एक दीपलक्ष्मी नणंदेला कॅनडाला पाठवायचीही आहे. मला घर सुंदर हवंय आणि कुणाचं मनही मोडायचं नाही. काय करू?"

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो मी तीन-चारदा पाहिले. तुमच्या घरात सगळ्यात नेमका प्रश्न आत्यांनी विचारलाय, तेव्हा सुरुवात तिथूनच करू. जुनं कुठलं आणि नवं कुठलं ही वाटणी आधी करू नका. पूजेतलं काय, वापरातलं काय आणि नुसतं पाहण्याचं काय, ही वाटणी करा. तीही आत्यांना शेजारी बसवून, त्यांच्या तोंडून. एक मोठी सतरंजी अंथरा, सगळ्या वस्तू तिच्यावर मांडा आणि एकेक त्यांच्या हातात द्या. त्या कुठली वस्तू कपाळाला लावतात आणि कुठली पदराने पुसून खाली ठेवतात, एवढं पाहिलं की निम्मं उत्तर मिळेल.

खंडोबाचं मी आत्ताच सांगते. तो देवघरातलाच. तुमच्या फोटोत त्याच्या घोड्याच्या मानेवर हळदीचा थर बसलेला दिसतोय, पिढ्यान्पिढ्यांच्या बोटांनी दाबून बसलेला. ज्या मूर्तीला रोज हळद लागते तिला टीव्हीखालच्या फळीवर ठेवलं तर ती तिथे ओकीबोकी दिसेल आणि आत्यांचं देवघरही उणं होईल. तिच्याकडे सजावट म्हणून बघूच नका. देवघर हॉलमधून दिसतं ना? मग ती दिसणारच आहे.

दीपलक्ष्मीचं तसं नाही. ती स्वतः हातात पणती घेऊन उभी आहे, म्हणजे ती उजेड देणारी, ओवाळणारी बाई आहे. तिला हॉलमध्ये उभं करायला आत्यांची ना नसेल असं मला वाटतं, फक्त एक अट पाळा: तिच्या हातातली वात तिन्हीसांजेला लागली पाहिजे. रोज नाही जमलं तरी शुक्रवारी, सणावाराला. दिवा लागणारी दीपलक्ष्मी घरातली माणूस वाटते. न लागणारी दोन वर्षांत धूळ खाऊ लागते आणि मग तिच्या हातात कुणीतरी प्लास्टिकचं फूल ठेवतं. लामणदिव्याचंही तेच. तो साखळीने टांगण्यासाठीच घडवलेला आहे, फळीवर आडवा पाडून ठेवू नका. जिन्याखालच्या छताला एक मजबूत हूक मारून घ्या. खाली लहान मुलांचं डोकं आपटणार नाही एवढी उंची ठेवा.

आता बफिंग, म्हणजे मशीनच्या चाकावर घासून चकाकी आणणं. जाऊबाईंचं ऐकू नका, अशी हात जोडून विनंती करते. माझ्या आजीची एक दीपलक्ष्मी होती, वीतभर उंचीची. धुळ्याला घर बदललं तेव्हा मी ती एका पॉलिशवाल्याकडे दिली. संध्याकाळी आणायला गेले तर कागदात गुंडाळलेली एक चकचकीत पिवळी बाहुली हातात आली. तिचं नाक गेलं होतं. नथीच्या जागी जो बारीक खळगा होता, ज्यात आजी दर शुक्रवारी कुंकवाचा कण ठेवायची, तो खळगा सपाट झाला होता. चाक फिरतं तेव्हा ते उंचवट्यावरून आधी धातू खातं, म्हणजे नाक, हनुवटी, बोटांची पेरं, निऱ्यांच्या कडा. शंभर वर्षांच्या स्पर्शाने जे गुळगुळीत झालं होतं ते वेगळं आणि दहा मिनिटांच्या चाकाने झालेलं वेगळं. मी ती आजही जपून ठेवली आहे, पण तिच्यात आजी दिसत नाही. तुमच्या दोन दीपलक्ष्म्यांतल्या उंच मूर्तीचा चेहरा अजून स्पष्ट आहे. तो तसाच राहू द्या.

मग पितळ स्वच्छ कसं ठेवायचं? पूजेतलं आणि वापरातलं पितळ आत्या चिंचेने, राखेने घासतात तसं घासू द्या, ती त्या वस्तूंची रीतच आहे. फक्त नंतर पाणी राहू देऊ नका, लगेच कोरडं पुसून थोडा वेळ सावलीत वाऱ्यावर ठेवा. पाहण्यासाठी ठेवलेल्या पितळेला मात्र मऊ ब्रश आणि सुती फडकं एवढंच पुरे. काळसर तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. धातूने हवेशी जुळवून घेतलेली ती साय आहे आणि खालच्या धातूला तीच सांभाळते. घाबरायचं ते फिक्या हिरव्या, पिठासारख्या ठिपक्यांना. पुसले तरी जे पुन्हा उगवतात, ते धातूत शिरलेल्या क्षारांमुळे येतात आणि दमट हवेत आत पोखरत जातात. तशी वस्तू वेगळी काढा, अगदी कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरी ॲसिड लावू नका. आणि चिंच-लिंबू संगमरवराला कधीच लावू नका. संगमरवर म्हणजे एक प्रकारची चुनखडीच, आंबट लागलं की त्याचा तुकतुकीतपणा जातो तो परत येत नाही.

नंदीविषयी जरा जास्त लिहिते, कारण पत्रात तुम्ही तो एका ओळीत उरकलाय आणि मला मात्र त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली.

फोटोत त्याच्या गळ्यातली घंटांची माळ दिसते, पाठीवरच्या झुलीची किनार दिसते. एक शिंग तुटलंय. अशी शिल्पं खानदेशात सुटी जन्मत नाहीत. नंदी असतो तिथे समोर महादेव असतो. आपल्या भागात जुनी दगडी देवळं किती आहेत ते आठवा: साक्री तालुक्यातलं बळसाणे, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव, चाळीसगावजवळचं पाटणं. विहिरीत सापडलेला नंदी म्हणजे त्या विहिरीच्या आसपास कधीकाळी एखादं देऊळ असण्याची शक्यता आहे. तो नंदी त्या जागेजवळ आहे तोवर ती गोष्ट जिवंत आहे. जळगावच्या रो-हाऊसमध्ये आणला की तो नुसता काळा दगडी बैल झाला.

१९७४ साली दायमाबादला, आपल्या खानदेशाबाहेर प्रवरेच्या काठी, एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. हजारो वर्षांपूर्वीचं ते ओतकाम पाहून आजही छाती दडपते. ते कुठे सापडलं हे माहीत आहे, म्हणून अभ्यासकांना त्याच्याविषयी एवढं बोलता येतं. त्याच वस्तू गुपचूप कुणाच्या दिवाणखान्यात गेल्या असत्या तर आज त्या कुणाच्या, कधीच्या, हे कुणी सांगितलं असतं?

कायद्याचंही सांगते, कारण यात नकळत चूक होते. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. हा कायदा १८७८ पासूनचा आहे. आणि १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं वा त्याहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. दगड, धातू, भाजलेली माती यांतल्या अशा मूर्तीची फोटोंसकट नोंदणी करावी लागते आणि मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. घाबरू नका. वाडवडिलांकडून आलेली मूर्ती जवळ असणं हा गुन्हा नाही आणि नोंदणी केली म्हणून ती कुणी उचलून नेत नाही. उलट उद्या चोरीला गेलीच तर नोंदणीचा फोटो हाच तुमचा पुरावा. तुमच्या यजमानांनी गावच्या तलाठ्यामार्फत तहसील कचेरीत आणि पुरातत्त्व खात्याकडे एक अर्ज द्यावा. त्यात सासऱ्यांच्या आजोबांचं नाव, विहिरीचा गट नंबर, घरात सांगत आलेली गोष्ट, सगळं लिहावं. तोवर नंदी गावातच राहू द्या. भावकीला, गावाला विचारा. एखाद्या महादेवाच्या देवळाच्या सावलीत तो बसला तर आत्यांचा तरी विरोध असेल असं वाटत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार पाहा. काळा दगड घनफुटाला ८० किलोंच्या आसपास भरतो. दीड-दोन फुटांचा भरीव नंदी सहज शंभर किलोंच्या पुढे जातो आणि सगळा भार फूट-दीड फूट जागेवर येतो. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. हे सगळं खालच्या मजल्यावर, जमिनीवर ठीक. वरच्या मजल्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय असला दगड चढवू नये, मग तो जुना असो की बाजारातून आणलेला नवा.

कॅनडाचं उत्तर छोटं आहे. दीपलक्ष्मी शंभरीच्या पलीकडची असेल तर ती देशाबाहेर नेता येत नाही. सामानात गुंडाळून नेली आणि विमानतळावर सापडली तर शिक्षा आहे, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. आत्यांच्या सासूबाईंच्या काळातली असेल तर शंभरी सहज गाठली असेल. शंभरीच्या आतली पण जुनी दिसणारी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. नणंदबाईंसाठी नवी घडवून घ्या, पावती सोबत द्या. माहेरची खूण म्हणून जुनीची नक्षी समोर ठेवून तशीच नवी ओतून देणारे कारागीर मिळतात. जुनी मात्र इथे त्यांच्या नावाने राहू दे; सुट्टीत आल्या की वात त्यांनी लावावी.

लाकडी घोडे पाहून माझा जीव हरखला. चारही एकाच सुताराच्या हातचे दिसतात. आयाळीचे वळसे एकसारखे आहेत, पण डाव्या बाजूच्या दोघांची मान किंचित जास्त वळलेली आहे, म्हणजे ते दाराकडे पाहणारे असणार. हे घोडे खांबाच्या डोक्यावर, तुळईला टेकू द्यायला होते. खालून वर पाहायचे. फळीवर डोळ्यासमोर ठेवले की त्यांचे पाय आखूड आणि छाती फार मोठी दिसते, त्यात सुताराची चूक नाही, आपण चुकीच्या उंचीवरून पाहतोय. भिंतीत लोखंडी पट्टी ठोकून दोन घोडे दाराच्या दोन्ही अंगांना, माणसाच्या डोक्याहून फूटभर वर लावा. बघा कसे उसळतात. उरलेले दोन जाऊबाईंना द्या. घर एकाच सासऱ्यांचं होतं.

लावण्याआधी लाकूड तपासा. पांढऱ्या कागदावर घोडा आठवडाभर ठेवा. खाली पिवळसर पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. प्लास्टिकमध्ये बांधून वेगळा ठेवा आणि औषध मारणाऱ्या माणसाला बोलवा. पीठ नाही पडलं तर नुसता ब्रश, कोरडं फडकं आणि वर्षाकाठी मधाच्या मेणाचा पातळ हात. टचवूडसारखं पॉलिश, रंग, काही नको. खोबणीत जुना निळा रंग उरलेला दिसतोय, तो खरवडू नका.

बुद्धाच्या डोक्याविषयी तुमच्या यजमानांना राग येईल, तरी लिहिते. बुद्धाचं नुसतं डोकं ही कल्पना कुठून आली? जुन्या मूर्ती तोडून, मान कापून डोकी विकली गेली, संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या घरी गेली, आणि त्या तुटलेल्या डोक्यांच्या नकला आता मॉलमध्ये मिळतात. ज्या महाराष्ट्रात लाखो माणसं बुद्धाला वंदन करून दिवसाची सुरुवात करतात, तिथे त्याचं कापलेलं डोकं चपलांच्या कपाटावर ठेवणं मला सहन होत नाही. फोटोत ते तिथेच आहे. बुद्ध हवा असेल तर पूर्ण, बसलेला, साधा मातीचा किंवा दगडाचा घ्या. उंच, स्वच्छ जागी ठेवा. ते डोकं दुकानदार परत घेत असेल तर द्या.

आता लेकाचं. लोखंडी बैल फार चांगला आहे, ताई. मी उगाच कौतुक करणारी नाही, त्याची शिंगं जवळून पाहा. ते दोन विळे आहेत. वशिंडाला नांगराचा फाळ आहे आणि पाठीची कमान म्हणजे बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, वाकवून लावलेली. फाळावरची झीज तशीच ठेवली आहे त्या पोराने, ग्राइंडर फिरवला नाही. हे शिल्प आत्यांना सगळ्यात आधी कळेल. त्यांना विचारा, फाळ कुठल्या बाजूने जास्त झिजतो. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून त्याला मेणाचा किंवा पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि पायाखाली नमद्याचे तुकडे लावा, नाहीतर टाइल्सवर तांबूस डाग पडतात.

पांढऱ्या शिल्पाला 'कशाचं ते कळत नाही' म्हणून बाजूला सारू नका. ते उलटं करून फोटो पाठवलात ते बरं केलं. आत कापडासारखी जाळी दिसते, म्हणजे ते फायबरचं आहे. प्लास्टर असतं तर नखाने खडूसारखी पूड निघाली असती, संगमरवर असता तर हाताला गार आणि जड लागला असता. फायबर हलकं आणि टिकाऊ, पण जळगावच्या उन्हात पिवळं पडतं. मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. पश्चिमेच्या खिडकीत किंवा गच्चीवर ते ठेवू नका. आणि त्याचा अर्थ शोधत बसू नका. गोधडीखाली पाय पोटाशी घेऊन झोपलेलं मूल दिसतं मला त्यात. तुम्हाला वाटी दिसेल, पाटा-वरवंटा दिसेल. फिरून पाहा, हात फिरवा. एवढंच त्याला हवंय.

काही जण म्हणतात, जुनं आणि नवं एकत्र शोभत नाही. मला तसं कधी वाटलं नाही, आणि आपल्या खानदेशी माणसाला तर वाटूच नये. शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडल्यावर १९५४ ते १९५८ अशी वर्षं त्यांनी पुरातत्त्व खात्यात काढली, वेरूळ-अजिंठ्याच्या झिजल्या-तुटल्या शिल्पांची डागडुजी करत. नर्मदेकाठचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा घडवणारे हेच ते हात. बंगालच्या शिल्पकार मीरा मुखर्जी तर बस्तरच्या घढवा कारागिरांकडे जाऊन मेणाच्या साच्यातलं ओतकाम शिकल्या आणि त्यातूनच त्यांनी आपली नवी शिल्पं उभी केली. त्याआधीचं आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर सातमाळ्याच्या डोंगरात, चाळीसगावच्या पलीकडे कन्नड तालुक्यात पितळखोरे आहे. तिथे सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या यक्षाच्या हातावर नाव कोरलंय कण्हदासाचं, आणि तो होता सोनार. दागिने घडवणाऱ्याने दगड घडवला. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या पोरांना हे शाळेत सांगायला हवं.

जुनं-नवं मांडताना वय पाहू नका, आकार पाहा. तुमच्या घोड्याच्या मानेची कमान आणि लोखंडी बैलाच्या पाठीची कमान एकमेकींना ओळखतात. ती दोन्ही एका नजरेत येतील अशी ठेवा. दाराच्या भिंतीवर घोडा, आणि त्या भिंतीच्या कोपऱ्यात जमिनीपासून दोन फूट उंचीच्या चौथऱ्यावर बैल. चौथऱ्यासाठी जुन्या घराच्या तुळईचा तुकडा असेलच कुठेतरी. पांढरं शिल्प त्यांच्यापासून लांब, जिन्याच्या वळणावर, एकटं. आणि दीपलक्ष्मी देवघराच्या दाराशी, उजव्या हाताला, छातीएवढ्या उंचीवर. बस. हॉलमध्ये एवढंच. बाकीचं लेकाच्या खोलीत किंवा पेटीत जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून. वर्षातून दोनदा अदलाबदल करा. काचेचं कपाट नको. कपाटात वस्तू दाटीने बसतात आणि मग कुणीच कुणाला दिसत नाही.

शिल्पाला भोवती मोकळी भिंत लागते. बैलामागची दिनदर्शिका काढा, कुटुंबाचे फोटो समोरच्या भिंतीवर न्या, भिंतीला हलका पिवळट किंवा राखी रंग द्या. मांडण्याआधी वर्तमानपत्र घडी घालून वस्तूच्या मापाचा तुकडा करा, तो जमिनीवर चिकटवा आणि आठवडाभर घरात वावरा. पाय अडखळला, झाडू अडला, तर जागा चुकली. उजेड एकाच बाजूने, वरून तिरका पाडा. दिवा अगदी डोक्यावर असला की चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, समोर असला की कोरीवकाम सपाट होतं. पिवळसर उजेडाचा छोटा एलईडी चालेल, त्याने फारशी उष्णता होत नाही. दीपलक्ष्मीवर मात्र असला विजेचा दिवा सोडू नका. तिचा तिला आहे.

एक गोष्ट विसरू नका, जी इंटिरिअरवाले विसरतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई, आपली खानदेशी देवी, बसते ना? त्या दिवशी हॉल तिचा. पाटाची जागा, रोटांची ताटं, रात्री जागायला आलेल्या बाया. तेव्हा हॉलच्या मध्ये काहीही जड, कायमचं उभं करू नका. चौथरा दोन माणसांना उचलता येईल एवढाच असू द्या.

नवं काही घ्यायचं झालं तर घाई नको. वर्षातून एक. मुलाच्या मित्रांसारख्या शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांकडून घ्या. मातीचं, लाकडाचं छोटं काम फार महाग नसतं. ओतीव काम असेल तर त्या साच्यातून किती प्रती निघाल्या आणि ही कितवी, हे विचारा. सही, साल, धातू, किंमत, सगळं कागदावर घ्या. जुन्या बाजारातून 'दोनशे वर्षांची' म्हणून पितळी मूर्ती कुणी देऊ केली तर तिचा तळ पाहा. हिरवा रंग नखाने निघतो का, स्क्रू नवा आहे का, झीज जिथे हात लागतो तिथेच आहे की सगळीकडे सारखी? आणि खरोखर दोनशे वर्षांची असेल तर विकणाऱ्याकडे परवाना हवा आणि मूर्तीची नोंदणीही. दोन्ही नसतील तर हात लावू नका. कुठल्यातरी गावचं देऊळ रिकामं झालेलं असतं. डोळा तयार करायचा असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयात एक दुपार घालवा. आत्यांना घेऊन जा.

शेवटचं काम या आठवड्यातच करा, बाकीचं दिवाळीपर्यंत होईल. एक दोनशेपानी वही घ्या. सतरंजीवर वस्तू मांडाल तेव्हा प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, माप आणि वजन लिहा, आणि आत्यांना विचारा: ही कुणी आणली, कुठून, कुणाच्या लग्नात आली, घोडे कोरणारा सुतार कोणत्या गावचा. आत्या अहिराणीत सांगतील. त्याचं मराठी करत बसू नका, अहिराणीतच उतरवून घ्या.